उभ्या उभ्या पार्लमेंट

इंग्रजांच्या पार्लमेंटात बसण्याच्या जागांना तोटा नाही. राजासाठी सोन्याच्या मुलाम्याचं सिंहासन आहे, उमरावांसाठी लाल कातड्याचे बाक आहेत, लोकांनी निवडून दिलेल्यांसाठी हिरव्या कातड्याचे आहेत, आणि लॉर्ड्सच्या अध्यक्षांसाठी लोकरीनं भरलेली एक अवाढव्य लाल गादी आहे. मध्ययुगात इंग्लंडचं वैभव लोकरीच्या व्यापारावर उभं होतं, त्याची आठवण राहावी म्हणून ही गादी. १९३८ साली ती दुरुस्तीसाठी उसवली, तेव्हा आत लोकर नव्हतीच, घोड्याचे केस होते. केव्हातरी कुणीतरी वैभव काढून केस भरले होते, आणि वर बसणाऱ्या एकाही थोर माणसाला ते टोचले नव्हते. मग राष्ट्रकुलातल्या देशांतून लोकर मागवून ती पुन्हा रीतसर भरली. अशा या घरात तिकीट काढून येणाऱ्याला मात्र कुठंही टेकता येत नाही. दीड तासाची फेरी, सोबत गाईड, आणि त्याचं पहिलंच सांगणं की काहीही विचारा, कितीही पाहा, पण बाकांवर बसू नका. बसण्याचा मान मतदारांनी द्यावा लागतो, तो तिकीट खिडकीवर मिळत नाही.

हे मला सोसण्यासारखं होतं, पण माझ्याबरोबर आत्या होती. आत्याचे गुडघे बोलके आहेत. पाऊस यायचा असला की वेधशाळेच्या आधी त्यांना कळतं, आणि लंडनमध्ये तर त्यांना क्षणाची उसंत नव्हती. मुलाकडे वेम्बलीला ती महिनाभरासाठी आलेली. राजवाडे नकोत, मेणाचे पुतळे नकोत, पण पार्लमेंट मात्र बघायचं, हा तिचा हट्ट. त्यामागं कारण होतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ती पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होती. त्यामुळे ज्युबिली लाइनच्या गाडीतून वेस्टमिन्स्टरला उतरताना तिच्या चेहऱ्यावर प्रवाशाचं कुतूहल नव्हतं. शेजारच्या तालुक्यातलं कामकाज पाहायला निघालेल्या माणसाची प्रसन्न, थोडी तपासणीची नजर होती. आवारात क्रॉमवेलचा पुतळा आहे. १६५३ साली याच माणसानं सैनिक आत आणून पार्लमेंट रिकामं केलं होतं, असं मी सांगितल्यावर तिनं थांबून त्याला नीट न्याहाळलं. ‘‘आणि दारातच उभा केलाय?’’ ती म्हणाली. ‘‘बरंय. डोळ्यांसमोर राहील.’’

फेरी सुरू होते वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. विल्यम रूफस राजानं १०९७ साली हा बांधायला घेतला. वरचं ओक लाकडाचं छत दुसऱ्या रिचर्डनं १३९३ मध्ये करायला सांगितलं. मधे एकही खांब नाही. एवढ्या उंच काळोख्या लाकडाखाली माणूस म्हणजे पोथीच्या समासात चुकून सांडलेला शाईचा ठिपका. तुळयांच्या टोकांना लाकडी देवदूत आहेत. सहाशे वर्षं ते वाकून खाली पाहताहेत आणि त्यांनी काय काय पाहिलं याची यादी जमिनीतल्या पितळी पाट्यांवर आहे. १६४९ च्या जानेवारीत इथंच पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला. आरोपीला बसायला लाल मखमलीची खुर्ची दिली होती, आणि राजानं डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही. महिनाअखेरीस टोपीखालचं डोकंच गेलं. उलट वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या अमदानीत कंपनी पहिल्यांदा मराठ्यांशी झुंजली आणि शेवटी सालबाईच्या तहावर आली, तो १७८८ साली या हॉलमध्ये गुडघे टेकून हजर झाला. एडमंड बर्कनं त्याच्यावर आरोपांची सरबत्ती केली, उमरावांच्या बायका तिकिटं मिळवून ऐकायला आल्या, खटला सात वर्षं रेंगाळला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बसलेला गेला आणि गुडघे टेकणारा वाचला, एवढं तात्पर्य आत्यानं काढलं आणि काठीवरचा हात बदलला. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथची शवपेटी याच फरशीवर होती, आणि दिवसरात्र लोक नदीकाठच्या रांगेत उभे राहून क्षणभर तिच्यासमोरून गेले. या हॉलमध्ये उभं राहण्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची.

मला मात्र सगळ्यात आवडली ती इथल्या एका जुन्या फेरीची हकिकत. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शतकानुशतकं हिशेब लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून ठेवत. ती पद्धत १८२६ मध्ये बंद झाली, पट्ट्यांचे ढीग उरले. त्या आजूबाजूच्या गरिबांना जळणासाठी देऊन टाकाव्यात हे कुणाला सुचलं नाही; पुढं डिकन्सनं एका भाषणात यावरून सरकारी अकलेची यथेच्छ थट्टा केली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या पट्ट्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. त्याच दुपारी वर दोघे सद्गृहस्थ सभागृह पाहायला आले होते, आणि तिथली देखरेख करणारी बाई त्यांना हिंडून दाखवत होती. धूर इतका की भिंतीवरचे नामांकित पडदे दिसेनात, आणि जमिनीची धग बुटांच्या तळव्यांतून जाणवू लागली. तरी फेरी शिस्तीत पूर्ण झाली. पाहुणे गेले, बाईंनी कुलूप लावलं, आणि संध्याकाळी अख्खा राजवाडा पेटला. वाचला तो मुख्यतः हा हॉल. पाय भाजत असतानाही पाहुण्यांना पडद्यांवरच्या आरमाराची माहिती द्यायची, ही केवढी निष्ठा! आमचा पांढऱ्या मिशांचा गाईडही त्याच घराण्यातला वाटला. आत्याला निष्ठेचं कौतुक नव्हतं. ‘‘जुनं दप्तर जाळलं म्हण की,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आमच्याकडं दप्तराला आग लागली की आधी चौकशी लागते.’’

जळालेल्या जागी चार्ल्स बॅरीनं आराखडा केला आणि प्युजिननं आतलं नक्षीकाम केलं. भिंतीवरचा कागद, दाराची कडी, शाईची दौत, त्याच्या हातून काही सुटलं नाही. राजा जिथं झगा आणि मुकुट चढवतो त्या दालनात भिंतींवर आर्थर राजाच्या कथांतली चित्रं आहेत, एकेका चित्रात एकेक सद्गुण. चित्रकार विल्यम डाइस याला सात सद्गुण रंगवायचे होते. धर्म, औदार्य, सौजन्य, दया आणि आतिथ्य एवढे झाले आणि १८६४ मध्ये तो वारला. राहून गेलेले दोन होते धैर्य आणि निष्ठा. राज्यकारभाराच्या घरात नेमक्या याच दोन जागा रिकाम्या राहिल्या, यावर गाईडनं काही टिप्पणी केली नाही. त्यानं फक्त भुवया एवढ्या उंचावल्या की टिप्पणीची गरज उरली नाही. आतिथ्याच्या चित्रात ट्रिस्ट्रम नावाच्या वीराला आर्थरच्या गोल मेजाच्या मंडळात सामावून घेतलं जातंय. आणि लागूनच रॉयल गॅलरी, जिथं १२ नोव्हेंबर १९३० रोजी पाचव्या जॉर्जनं हिंदुस्थानच्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन केलं.

त्या लांबलचक दालनात दोन्ही बाजूंना मॅक्लीझनं काढलेली भिंतभर चित्रं आहेत: एकीकडं ट्राफल्गारला कोसळलेला नेल्सन, दुसरीकडं वॉटर्लूनंतर घोड्यावर बसून ब्लूखरला भेटणारा वेलिंग्टन. गाईड वॉटर्लूविषयी बोलत होता. मला मात्र तो घोडेस्वार ओळखीचा वाटत होता, कारण वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी, १८०३ मध्ये, तो आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता, आणि म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. या चित्राखाली त्या नोव्हेंबरात जे प्रतिनिधी जमले, त्यांत डॉक्टर आंबेडकर होते. पुढचं कामकाज सेंट जेम्स राजवाड्यात झालं, पण सुरुवात इथली. वर्गाबाहेर बसावं लागलेला मुलगा उमरावांच्या या दालनात आला होता, आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते त्यांच्या वतीनं बोलायला आला होता. मी हे आत्याला सांगितलं. तिनं पदर नीट केला, काठी माझ्याकडं दिली आणि हात जोडले. नेल्सनकडं पाठ होती, वेलिंग्टनकडंही नव्हतं पाहिलं. मधल्या मोकळ्या फरशीला नमस्कार केला. आमच्या गटातल्या एका जपानी गृहस्थांना वाटलं असावं की हा इथला रिवाजच आहे. त्यांनीही अदबीनं मान लववली.

सेंट्रल लॉबीत आलो, तेव्हा आत्यानं खिडक्यांतल्या जड धातूच्या जाळ्यांकडं बोट दाखवलं. गाईडला हा प्रश्न आवडता होता हे उघडच दिसलं. आगीच्या आधी कॉमन्सची सभा सेंट स्टीफन्स चॅपलमध्ये भरायची, आणि बायकांना तिथं मज्जाव होता. मग त्या माळ्यावर चढून, झुंबराची धग बाहेर सोडणाऱ्या झरोक्याभोवती उभ्या राहत. मेणबत्त्यांच्या धुरातून खालची टाळकी दिसत आणि भाषणं ऐकू येत. नव्या इमारतीत त्यांना वेगळी गॅलरी मिळाली, पण समोर ही जाळी, खाली बसलेल्या पुरुषांचं चित्त विचलित होऊ नये म्हणून. १९०८ साली मताचा हक्क मागणाऱ्या दोघींनी स्वतःला जाळीला साखळदंडानं बांधून घेतलं. कुलपं निघेनात, तेव्हा जाळीसकटच बाहेर काढावं लागलं. १९०९ मध्ये एकीनं सेंट स्टीफन्स हॉलमधल्या फॉकलंडच्या पुतळ्याला बांधून घेतलं. सुटकेच्या झटापटीत पुतळ्याच्या टाचेवरची आर मोडली, ती आजही मोडलेलीच आहे. १९११ च्या शिरगणतीच्या रात्री एमिली डेव्हिसन तळघरातल्या चॅपलच्या झाडूच्या कपाटात लपून राहिली, म्हणजे कागदोपत्री तिचा मुक्काम हाऊस ऑफ कॉमन्सला नोंदला जावा. जाळ्या अखेर १९१७ मध्ये उतरवल्या आणि या खिडक्यांना बसवल्या. आत्या सगळं ऐकत होती. तिनं एका जाळीच्या भोकातून पलीकडं डोकावून पाहिलं. ‘‘दिसतं तसं,’’ ती म्हणाली. ‘‘पण मान अवघडत असणार.’’

आणि मग कॉमन्सचं सभागृह. दूरदर्शनवर जे समुद्राएवढं वाटतं ते प्रत्यक्षात एवढंसं असतं, की पाहणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. जुनं सभागृह १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बनं जळालं. नवं बांधताना चर्चिल हटून बसला: मोठं करायचं नाही, सगळ्यांना पुरेल एवढी जागा तर अजिबात करायची नाही. ऐसपैस सभागृह निम्मं रिकामं दिसतं आणि रिकाम्या जागेत वादाला धार चढत नाही, असं त्याचं गणित. म्हणून आज साडेसहाशे खासदारांना जागा आहेत चारशे सत्तावीस. महत्त्वाच्या दिवशी जागा धरायची तर सकाळी येऊन बाकावर आपल्या नावाचं प्रार्थनेचं कार्ड ठेवायचं आणि प्रार्थनेला हजर राहायचं. हे ऐकताच आत्याचा चेहरा उजळला. स्वारगेटला एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून आत रुमाल टाकणारी माणसं तिनं आयुष्यभर पाहिली होती; सातासमुद्रापलीकडं, गॉथिक कमानींखाली, तोच रुमाल छापील होऊन भेटेल असं तिला वाटलं नव्हतं.

पण हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं, की जिच्यासाठी एवढा आटापिटा करायचा ती जागा या लोकांच्या फारशी उपयोगाची नाही. इथं बोलायचं तर उभं राहावं लागतं. बोलायची इच्छा आहे हे सभापतींना कळावं म्हणूनही पुन्हा पुन्हा उठून उभं राहावं लागतं. प्रार्थना होते ती उभ्यानं, आणि तीही एकमेकांकडं पाठ करून, मागच्या भिंतीकडं तोंड करून. मत द्यायचं तर उठून चालत जायचं: होकाराची वाट सभापतींच्या उजवीकडून, नकाराची डावीकडून, घंटा वाजल्यापासून आठ मिनिटांत पोहोचलं नाही तर दारं बंद. राजा लॉर्ड्समध्ये येऊन भाषण वाचतो, तेव्हा देशानं निवडून दिलेली ही मंडळी दाराशी कठड्याबाहेर दाटीवाटीनं उभी असतात. तिथं पंतप्रधानांनाही खुर्ची नाही. बाकांवर होतं ते ऐकणं, कुजबुजणं, कधी हुर्यो उडवणं आणि क्वचित डुलकी. बाकी ज्याला कामकाज म्हणावं ते सगळं पायांवर चालतं. म्हणजे तिकीट काढून आलेले आम्ही दीड तास नकळत खासदारकीच करत होतो.

हे मी मोठ्या हौसेनं आत्याला ऐकवलं. ती विरोधी पक्षाच्या बाकाशेजारी, बाकाला न शिवता उभी होती. ‘‘त्यात नवल काय,’’ ती म्हणाली, आणि मी इतक्या वर्षांत न ऐकलेली गोष्ट तिथं, त्या हिरव्या बाकांच्या साक्षीनं, सांगितली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या, तेव्हा आत्या उभी राहिली आणि बिनविरोध आली. निवडून आत्या आली, मासिक सभेला आतोबा जाऊ लागले. ग्रामसेवक प्रोसीडिंग बुक घेऊन घरी यायचा. आत्या कणकेचा हात धुऊन त्यानं बोट ठेवलेल्या जागी सही करायची. एकदा मात्र सही करण्याआधी तिनं वरचा ठराव वाचला. बायकांच्या आळीसाठी मंजूर झालेला नळ चहाच्या टपरीपाशी बसवायचं ठरलं होतं, आणि ठरावाला अनुमोदन दिलं होतं तिनंच. पुढच्या सभेला ती स्वतः गेली. कार्यालयात सात खुर्च्या, सातही भरलेल्या; तिच्या खुर्चीवर आतोबा. कुणी काही म्हटलं नाही. आत्यानंही नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, पहिला विषय झाला, दुसरा झाला. ‘‘तिसऱ्या विषयाला त्यांना बसवेना,’’ आत्या म्हणाली. आतोबा उठले, खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बाहेर जाऊन बसले. त्यानंतर उरलेल्या मुदतीत ते तिला सायकलवरून सभेला सोडायचे आणि संपेपर्यंत पिंपळाच्या पारावर थांबायचे. ‘‘आणि नळ?’’ मी विचारलं. ‘‘नळ दोन्हीकडं बसवले,’’ आत्या म्हणाली. ‘‘पाणी एकीकडंच येतं.’’

बाहेर पडताना गाईडनं सभागृहाच्या ओक लाकडाच्या दारांकडं लक्ष वेधलं. जळाल्यानंतर नवं सभागृह १९५० मध्ये उघडलं, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू भेट दिली: सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियानं, मेज कॅनडानं, आणि दारं भारतानं आणि पाकिस्ताननं. ज्या संसदेनं १९४७ च्या जुलैमध्ये एका देशाचे दोन करणारा कायदा मंजूर केला, तिला तीन वर्षांतच त्या दोघांनी दारं पाठवावीत! राग धरावा असं कारण असताना माणसं भेटवस्तू देतात, तीही येण्याजाण्याच्या उपयोगाची. याला मुत्सद्देगिरी म्हणावं की संस्कार, मला ठरवता आलं नाही. आमचा जुना एल्फिन्स्टनचा प्राध्यापक दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांनी निवडून याच घरात आला होता. तो ज्या बाकावर बसला असेल तो बाक १९४१ च्या आगीत गेला. बसण्याच्या जागा अशा जळून जातात. उठून बोललेलं मात्र कार्यवाहीच्या वहीत राहतं.

चर्चिलच्या पुतळ्याचा पाय खासदारांनी येता-जाता हात लावून लख्ख झालाय, तो पाहून फेरी संपली. गाईडनं विचारलं, कुणाला काही शंका? सगळ्यांना चहा हवा होता, शंका कुणालाच नव्हती. आत्यानं माझ्यामार्फत एक विचारली: इथं पहिली बाई सदस्य येऊन बसली, तेव्हा तिची बसाउठायची काय सोय होती? गाईड क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, नॅन्सी अ‍ॅस्टर १९१९ च्या डिसेंबरात इथं दाखल झाल्या. बाई सदस्यांना मिळून एक खोली दिली होती. ती इतकी कोंदट की त्या बायका तिला अंधारकोठडी म्हणत. आत्यानं मान हलवली. माहिती अपेक्षेप्रमाणेच निघाली होती. मग तिनं चौकशी केली की सभा चालू असताना लोकांना आत सोडतात का. सोडतात, गाईड म्हणाला, वर गॅलरीत, तिकीट लागत नाही, आणि तिथं बसताही येतं.

‘‘मग पुढच्या खेपेला तसंच येऊ,’’ आत्या मला म्हणाली. ‘‘रिकामं सभागृह काय, कुणीही नीट ठेवील.’’